जुन्या एंटरप्राइजला टिलर एक्स्टेन्शन: लांबी, जॉइंट आणि बसवण्याबद्दल सल्ला हवा

शिडहोडी

नमस्कार मंडळी. खडकवासल्याच्या पाण्यावर चालवायची जुनी एंटरप्राइज (दोघांनी चालवायची छोटी शिडाची होडी) आहे. हल फायबरचा, सुकाणूचा दांडा म्हणजे टिलर लाकडी. सध्याचं एक्स्टेन्शन, म्हणजे टिलर लांबून धरायची जोडकाठी, ही ६५ सेंमीची लाकडी पट्टी आहे. पितळी खिळीवर ती फक्त आडवी फिरते, वर उचलता येत नाही. काठावर बसून बाहेर झुकलं की हात टिलरकडे ओढला जातो. टॅक करताना, म्हणजे होडी वाऱ्यातून वळवून बाजू बदलताना, पट्टी गुडघ्यात अडकते ती वेगळीच.

मापं देतो. टिलर पुढच्या टोकाला २८ मिमी जाड आहे. टिलरच्या टोकापासून मधल्या मेनशीटच्या (मुख्य शीड ओढायच्या दोरीच्या) कप्पीपर्यंत ९५ सेंमी. चालवणारे दोघे: एक ५ फूट १० इंच, दुसरी पंधरा वर्षांची मुलगी, ५ फूट १ इंच.

विचारायचं एवढंच: लांबी किती घ्यावी, जॉइंट रबरी घ्यावा की धातूचा, नळी कसली घ्यावी आणि लाकूड न फुटता बसवायचं कसं?

खाडीवारा

लांबी कॅटलॉगमधून ठरवू नका, होडीवर बसून ठरवा. होडी ट्रॉलीवर पक्की टेका, सुकाणू लावा, टिलर बरोबर मध्यरेषेत दोरीने बांधा. पडद्याचा एखादा पाइप टिलरच्या टोकाला सैल बांधा. मग वाऱ्यावर चढताना बसता त्या जागी, पाय पट्ट्यात अडकवून, पूर्ण बाहेर झुका. पाइप छातीसमोरून आडवा धरा आणि मूठ आली तिथे खूण करा. त्यापुढे १२ ते १५ सेंमी जास्त ठेवा. झुळूक आल्यावर आणखी बाहेर जाताना मूठ त्या उरलेल्या भागावर सरकते.

अंदाज आधी कागदावरही येतो. एंटरप्राइजची रुंदी १.६२ मीटर, म्हणजे मध्यरेषेपासून काठ ८१ सेंमी. चालवणारा टिलरच्या टोकापेक्षा साधारण ५० सेंमी पुढे बसतो असं धरलं तर तिरकं अंतर ९५ सेंमी येतं. मूठ काठाच्या थोडी आत असते, तेवढं वजा करून वरचे १२-१५ सेंमी मिळवले की १००-१०५ सेंमीवर येता.

आता दुसरी बाजू. टॅक करताना एक्स्टेन्शनचं टोक तुमच्या आणि मेनशीटच्या मधून फिरलं पाहिजे. तुमच्याकडे ती जागा ९५ सेंमी आहे. १०५ सेंमीची काठी आडवी फिरणार नाही, पण टोक ३० अंश वर उचललं की तिची आडवी लांबी ९१ सेंमी राहते आणि ती निघून जाते. टोक त्या वेळी टिलरपेक्षा अर्धा मीटर वर असतं. म्हणून बूमखाली (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखाली) ही हालचाल आधी किनाऱ्यावर सावकाश करून बघा. १२० सेंमीची काठी घ्यायचा मोह टाळा. ती लांबी आयएलसीए या होडीवर चालते, तिथे एकटा माणूस काठाबाहेर पार ताणून बसतो. एंटरप्राइजवर तीच काठी प्रत्येक टॅकला मेनशीटमध्ये घुसेल.

मुलीसाठी वेगळी काठी लागणार नाही. ती थोडी आत धरेल. फक्त ग्रिप लांब ठेवा.

रंधा_पटाशी

काहीही विकत घेण्याआधी सुकाणूची ढिलाई तपासा. एकाने सुकाणूचं पातं घट्ट धरावं, दुसऱ्याने टिलरचं टोक डावी-उजवीकडे हलवावं. पातं स्थिर असताना टोक हललं तर ढिलाई टिलरच्या खोबणीत आहे किंवा पात्याच्या बोल्टमध्ये. सुकाणूचं अख्खं डोकं हललं तर ती होडीच्या मागच्या फळीवरच्या कड्या-खुंट्यांमध्ये आहे. खोबणीत १५ सेंमी लांबीवर १ मिमी ढिलाई असेल तर ९० सेंमीच्या टिलरच्या टोकाला ती ६ मिमी होते. तेवढी हालचाल हाताला मोकळीच जाते, पात्यापर्यंत पोचतच नाही. त्यावर कितीही महाग जॉइंट लावा, सुकाणू बोथटच लागणार.

आता बसवणं. जॉइंटचा बोल्ट टिलरच्या टोकापासून ३५-४० मिमी आत घ्या. त्याहून पुढे भोक पाडलं तर रेषांच्या दिशेने लाकूड चिरतं. जास्त मागे घेतलं तर टिलरची तरफ विनाकारण कमी होते.

१. वरून खाली १० मिमीचं भोक पाडा. ड्रिल काटकोनात राहील असं बघा, शक्य असेल तर ड्रिल स्टँड वापरा. खाली लाकडाचा टाकाऊ तुकडा क्लँपने दाबून धरा, नाहीतर बिट बाहेर पडताना खालची कड उचकटते.

२. लाकूड पूर्ण कोरडं हवं. भोकाच्या आत आधी नुसतं इपॉक्सी ब्रशने चोपडा. ते चिकट असतानाच इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून भोक गच्च भरा, खालून टेप लावा. स्टँडर्ड अराल्डाइट चालेल, दोन्ही ट्यूबमधून सारखं घ्या. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका, ते पाण्यात आणि उन्हात लवकर दम सोडतं.

३. दुसऱ्या दिवशी त्या भरावाच्या मधोमध ६ मिमीचं भोक पाडा. आता बोल्टभोवती सगळीकडून २ मिमी इपॉक्सी आहे. पाणी लाकडात शिरणार नाही आणि बोल्ट आवळताना लाकूड दबणार नाही.

४. बोल्ट एम६, स्टेनलेस ३१६. लांबीचा हिशेब: लाकूड २८, जॉइंटची तळपट्टी ३, खालचा वॉशर १.५, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) ६. एकूण ३८.५ मिमी. म्हणून ४० मिमीचा बोल्ट घ्या. नटाबाहेर एक-दोन आटे दिसले पाहिजेत, नाहीतर नायलॉनने पकडच घेतलेली नाही असं समजा. खाली २० ते २५ मिमी व्यासाचा रुंद वॉशर हवाच. बाजारात जॉइंटबरोबर येतो तो छोटा वॉशर लाकडात रुततो.

तळपट्टी फिरते की स्थिर असते ते तुमच्या जॉइंटवर बघा. फिरणारी असेल तर नट ती सहज फिरेल एवढाच आवळा.

नांगर_दोर

जॉइंट रबरी किंवा युरेथेनचा घ्या. धातूचा युनिव्हर्सल नवा असताना छान चालतो, पण पिनेभोवती खेळ येतो, खडखडतो, वाळू गेली की अडतो आणि मिटताना बोट चिमटतो. रबरी जॉइंट सगळ्या दिशांना वाकतो आणि त्यात खेळ येत नाही. रॉनस्टन कंपनीच्या बॅटलस्टिक या तयार एक्स्टेन्शनवर युरेथेनचा जॉइंट असतो. नुसता जॉइंट सुटा घेऊन आपली नळी लावता येते.

रबराचा शत्रू ऊन. चिरा पडतात त्या कमरेशी, म्हणजे जिथे जॉइंट सगळ्यात बारीक असतो तिथे. सरळ असताना त्या दिसत नाहीत. दर महिन्याला चारही बाजूंना ९० अंश वाकवा आणि ताणलेल्या बाजूवर नख फिरवा. नख अडलं तर जॉइंट बदला, "हा हंगाम निघेल" म्हणू नका. होडी उभी असताना जॉइंटवर कापडी पिशवी चढवली तरी आयुष्य बरंच वाढतं.

आणि सेफ्टी दोरी. जॉइंट तुटतो तो नेमका जोराच्या झुळकेत, कारण ताण तेव्हाच जास्त असतो. नळीला जॉइंटच्या वर एक भोक आणि टिलरला बोल्टच्या मागे एक छोटी आयस्ट्रॅप (दोरी ओवायची कमानदार पट्टी), त्या दोन्हींतून ३ मिमीची डायनीमा (न ताणणारी मजबूत दोरी). जॉइंट कुठल्याही दिशेला ९० अंश वाकला तरी दोरी ताणली जाऊ नये इतकी सैल, पण जॉइंट तुटल्यावर काठी १० सेंमीपेक्षा लांब जाऊ नये इतकी आखूड. तेवढ्यावर किनाऱ्यापर्यंत येता येतं.

खाडीवारा

नळीबद्दल. १९ मिमी व्यासाची, १.२ मिमी जाडीची अॅल्युमिनियम नळी. वजन मीटरला साधारण १८० ग्रॅम भरतं. १६ मिमीची १५० ग्रॅम भरते, पण एक फरक लक्षात घ्या. दोन्ही टोकं बंद केलेली १९ मिमीची नळी मीटरला २८० ग्रॅमच्या वर पाणी बाजूला सारते, म्हणजे आरामात तरंगते. १६ मिमीची जेमतेम २०० ग्रॅम सारते, त्यात जॉइंट आणि ग्रिपचं वजन आलं की ती काठावर येते. धरणात खाली गेलेली वस्तू परत मिळत नाही, म्हणून १९ चीच घ्या आणि दोन्ही टोकांत फोमचा बूच इपॉक्सीने बसवा.

घेताना जॉइंट बरोबर न्या. नळीचा आतला व्यास १६.६ मिमी येतो आणि जॉइंटची खुंटी त्यात हाताने दाबून बसली पाहिजे. सैल असेल तर खुंटीवर दोरा गुंडाळून इपॉक्सीत बसवा. मग ३.२ मिमीचे दोन पॉप रिव्हेट, एकाच रेषेत नाही, एक दुसऱ्याशी ९० अंशांत आणि १५ मिमी पुढेमागे. एका रेषेत मारले तर नळी तिथेच चिरते. गोड्या पाण्यात अॅल्युमिनियमचे रिव्हेट पुरतात. मुंबईच्या खाऱ्या पाण्यात होडी नेणार असाल तर स्टेनलेसचे घ्या आणि भोकात आधी इपॉक्सीचा थेंब सोडा, म्हणजे दोन धातू थेट टेकत नाहीत.

मुंबईत नागदेवीला आणि पुण्यात रविवार पेठेत शोधलं तर हा सगळा माल मिळेल. जॉइंट मात्र बोटीच्या सामानाच्या दुकानातूनच घ्यावा लागेल.

वेळूबन

बांबूचा विचार करा. सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे बोल्ट आणि स्क्रू पकडतो. पोकळ बांबूत ते जमत नाही. तीन-चार वर्षांचा, पक्का झालेला, शेंड्याकडचा २० मिमीचा भाग घ्या. पेरं जवळजवळ असलेला निवडा. कोवळा बांबू वाळताना आक्रसतो आणि जॉइंट सैल होतो. सावलीत उभा ठेवून महिना-दोन महिने वाळू द्या, उन्हात ठेवला तर तडकतो. मग पेरांचे उंचवटे पॉलिश पेपरने घासा, कापलेली टोकं इपॉक्सीत बुडवा आणि वर यूव्ही रोखणाऱ्या वार्निशचे तीन हात द्या.

वजन मीटरला २००-२२० ग्रॅम, म्हणजे अॅल्युमिनियमपेक्षा थोडं जास्त. पण काठी तरंगते, उन्हात चटका देत नाही आणि पेरांमुळे मूठ घसरत नाही. जॉइंटची खुंटी आत घालता येणार नाही, त्यामुळे बांबूवर बाहेरून बसणाऱ्या टोपीचा जॉइंट शोधा किंवा टोकावर ८ सेंमी लांब अॅल्युमिनियमची नळी चढवून त्यात खुंटी बसवा.

शिडहोडी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. उंचीत फरक आहे म्हणून टेलिस्कोपिक घ्यावं का? आणि कार्बन फायबरच्या नळीत पैसे घालण्यात अर्थ आहे का?

नांगर_दोर

टेलिस्कोपिक नको. फिरवून आवळायचं कुलूप धरणाच्या गाळाने झिजतं आणि ऐन झुकलेल्या स्थितीत काठी आत सरकते. क्लबच्या होडीवर रोज वेगवेगळी माणसं बसतात, तिथे बटनाच्या खाचांचं घेतलं तर ठीक, तेही प्रत्येक वेळी उघडून गोड्या पाण्याने धुवावं लागतं. तुमच्याकडे दोघंच आहेत, एक लांबी पुरते.

कार्बन ताठ आणि हलका, यात वाद नाही. पण एंटरप्राइजवर त्याचा फायदा सुकाणूची ढिलाई काढल्याच्या फायद्यापुढे किरकोळ आहे. घेतलाच तर त्यात अॅल्युमिनियमचे रिव्हेट मारू नका. ओलं कार्बन अॅल्युमिनियमला खातं, रिव्हेटभोवती पांढरी पूड दिसू लागते. खुंटी फक्त इपॉक्सीने चिकटवा. कापताना कापायच्या रेषेवर टेप गुंडाळा, बारीक दात्याची करवत घ्या, पाणी मारत कापा आणि मास्क लावा. तो भुसा फुप्फुसात जाऊ नये.

रंधा_पटाशी

ग्रिपचं राहिलं. रॅकेटची गुळगुळीत ग्रिप ओली झाली की निसटते. २ मिमीची दोरी नळीवर ३ सेंमी अंतराने मळसूत्रासारखी गुंडाळा, टोकं टेपने धरा आणि वरून २५ मिमीची हीट श्रिंक नळी चढवून हॉट एअर गनने आवळा. दोरीचे उंचवटे वर उठतात आणि ओल्या हातालाही पकड मिळते. हीट श्रिंक लोहार चाळीत किंवा बुधवार पेठेत मीटरवर मिळते. मुलगी आत धरणार आहे, तर टोकापासून ४५ सेंमीपर्यंत ग्रिप घ्या. रबरी जॉइंटजवळ गरम हवा नेऊ नका, ग्रिप आधी करा, जॉइंट नंतर.

शिडहोडी

तुम्ही सांगितलं तसं तपासलं. पातं आणि डोकं स्थिर आहे, टिलर खोबणीत हलतो. फीलर गेज घालून पाहिलं, एका बाजूला ०.९ मिमी फट आहे. टिलर नवा करावा लागेल का?

रंधा_पटाशी

मुळीच नाही. ०.८ मिमीची सनमायका घ्या. टिलरचा खोबणीत जाणारा भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून वार्निश काढा, सनमायकाची मागची बाजूही खरवडा, इपॉक्सीने एका गालावर चिकटवा आणि दोन सपाट लाकडांमध्ये क्लँप करून रात्रभर ठेवा. फेव्हिकॉल किंवा कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह नको, पहिलं पाण्यात सुटतं, दुसरं उन्हात सरकतं. गुळगुळीत बाजू बाहेर राहील, म्हणजे टिलर काढता-घालता येईल. पुढची कड कानशीने थोडी तिरपी करा, नाहीतर टिलर आत घालताना ती खोबणीच्या काठाला अडून उचकटेल. टिलर अडकवायची पिन असेल तर तिचं भोक सनमायकातून पुन्हा आरपार करून घ्या.