मदत हवी आहे: पैठणीच्या काठाची जरी छपाईत कशी आणायची?

मंडळी, पैठणच्या साडी दुकानासाठी बॉक्स करतोय. ३०० जीएसएम आर्ट कार्ड, चार रंगी ऑफसेट. काठावरचा मोर ६०० डीपीआयला स्कॅन केला तर जरीचा रंग काळपट येतो, कारण स्कॅनरचा उजेड ठरलेल्या कोनातूनच पडतो. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे लावून फोटो काढला. जरीचा रंग उजळला, पण मशीन प्रुफात (मशीनवरच्या नमुना छपाईत) मोराच्या मानेवर लहरी उमटल्या. विणीची जाळी १७५ लाइनच्या स्क्रीनशी, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांच्या जाळीशी, भिडते. ब्लर केलं की वीणच पुसली जाते, ते अजिबात नकोय.

आता मोर व्हेक्टरमध्ये (रेषाकृतीत) ट्रेस करून जरीला पँटोन ८७१ (सोनेरी धातूशाई) हा पाचवा रंग द्यावा म्हणतोय. सोनेरी शाईखाली पिवळा ठेवायचा की नॉकआउट करायचं, म्हणजे खालची जागा कोरी सोडायची? वरून मॅट लॅमिनेशन केलं तर चमक कितपत उरते? संभाजीनगर-जालन्यात हे काम नीट कुठे होतं, तेही सांगा.