हिरव्या छपरांना संवर्धनाचा निधी कशासाठी?

दगडफूल (धागाकर्ता)
हिरवी छपरं, पाणी मुरवणाऱ्या बागा, नदीकाठचे झाडपट्टे, महामार्गावरचे प्राण्यांचे पूल या सगळ्यांना मिळून आता 'हरित पायाभूत सुविधा' म्हणतात. युरोपीय संघाने 2013 मध्ये त्यासाठी वेगळं धोरण आणलं. त्यातली व्याख्या वाचा. सगळा भर परिसंस्थेकडून माणसाला मिळणाऱ्या सेवांवर आहे. पूर कमी, उकाडा कमी, हवा बरी. हे हवंच, वाद नाही. पण हाच खर्च जैवविविधता संवर्धनाच्या खात्यावर मांडतात, ते मला पटत नाही. सेडमच्या (जाड पानांच्या, जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पतीच्या) दोन-तीन जाती अंथरलेलं छप्पर पाणी धरतं, थंडावा देतं. त्यावर भुंगेरे किती, कोळी किती, हे कुणी विचारतच नाही. कोणत्या प्रजातीसाठी करतोय हे प्रस्तावात लिहिलेलं नसेल, तर संवर्धनाचा पैसा देऊ नये.

रानवाट
साफ असहमत. राखीव क्षेत्रं आखून काम भागलं असतं तर प्रश्नच नव्हता. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी 1967 मध्ये बेटांबद्दल मांडलेला सिद्धांत जंगलाच्या तुकड्यांनाही बराचसा लागू पडतो: तुकडा जितका लहान आणि एकटा, तितक्या प्रजाती कमी टिकतात. कॅनडातल्या बान्फमध्ये महामार्गावर पूल आणि भुयारी वाटा बांधल्या, दोन्ही बाजूंना कुंपण घातलं. वन्यप्राण्यांना गाड्या धडकण्याचं प्रमाण 80 टक्क्यांहून जास्त घटलं. ही पायाभूत सुविधाच आहे ना?

दगडफूल
अहो, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! तिथे अस्वल, एल्क हरीण, लांडगा डोळ्यांसमोर ठेवून बांधकाम झालं आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. ग्रिझली अस्वलांना पुलाची सवय व्हायलाच काही वर्षं गेली. पहिल्या दोन वर्षांत हिशेब मागितला असता, तर पूल फुकट गेला असंच म्हटलं असतं.

कुंपणावरचा
जंगलाचे तुकडे जोडणाऱ्या अशा जोडपट्ट्यांमुळे आगंतुक (बाहेरून घुसलेल्या) प्रजाती आणि रोगही पसरतात, त्याचं काय?

पाणकोंबडी
ही भीती रास्त आहे, पण प्रयोगात ती फारशी टिकली नाही. अमेरिकेत सॅव्हाना नदीजवळ पाइनच्या लागवडीत मोकळे तुकडे तयार केले, काही पट्ट्यांनी जोडले, काही सुटे ठेवले. 18 वर्षांनी जोडलेल्या तुकड्यांत वनस्पतींच्या प्रजाती 14 टक्के जास्त होत्या. आधीच्या मोजणीत आगंतुक प्रजातींची वाढ काही आढळली नव्हती. अर्थात एका जागचा निकाल सगळीकडे चालवू नये, रोगांचा मुद्दा तर वेगळाच.

रानवाट
दगडफूल, तुमची अट वाचायला छान आहे. पण पैसा कुठून येतो ते बघा. संवर्धनाची तिजोरी कायम रिकामी. पैसा असतो पूरनियंत्रणाकडे, रस्त्यांकडे, बांधकामाकडे. तुम्ही दार लावून घेतलंत की तो सरळ काँक्रीटच्या नाल्यात जाईल. त्यापेक्षा त्याच पैशाला प्रजातींची अट जोडा. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात 2002 पासून नव्या सपाट छपरांवर हिरवळ सक्तीची आहे. नियमात स्थानिक माती आणि मातीच्या थराची कमीजास्त जाडी आली, ती छपरांवर भुंगेरे आणि कोळी मोजल्यावर. काही दुर्मिळ जातीही सापडल्या. नुसतं सेडम नाही हो सगळीकडे.

दगडफूल
बासेलबद्दल मान्य, तिथे मोजून मग नियम केला. इंग्लंडमध्ये उलट चाललंय. फेब्रुवारी 2024 पासून बहुतेक बांधकामांना 10 टक्के जैवविविधता वाढ दाखवावी लागते आणि ती 30 वर्षं राखावी लागते. पण ही वाढ मोजताना गुण मिळतात ते अधिवासाचा प्रकार, क्षेत्र आणि अवस्था यांना. प्रत्यक्षात कोण राहायला आलं, हे गुणांत येत नाही.

पाणकोंबडी
प्रत्येक प्रजात मोजायची म्हटलं तर बांधकाम कधी होणार? अधिवास हे कामचलाऊ माप आहे, पण परवानगी द्यायच्या दिवशी हातात असतं. खरी गोम त्या 30 वर्षांत आहे. तपासायला माणूस आणि पगार कोण देणार? दगडफूल, तुमच्या अटीत देखरेखीचा खर्च पहिल्याच दिवशी वेगळा काढून ठेवायचं कलम घाला, मग मी तुमच्या बाजूने मत देईन.

रानवाट
ते कलम मलाही चालेल. तिजोरी मात्र बांधकामवाल्यांचीच हवी.