जीनला आग लागली, तर पहिल्या फोनवर किती बंब सोडायचे?

गिरणाकाठ : गेल्या हंगामात आमच्या तालुक्याच्या गावी एका जीनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापसाची गंजी (रचलेला मोठा ढीग) पेटली. मी तिथंच होतो. शेजारच्या हमालानं फोन लावला, "जीनले आग लागनी, बंब धाडा." पलीकडून पत्ता घेतला आणि एकच बंब आला, साडेचार हजार लिटरचा. दोन होज लावले, पाच-सहा मिनिटांत टाकी कोरडी. तो भरायला गेला, मग दुसऱ्या गावाहून बंब मागवला. तोवर शेजारची गंजीही गेली. तिच्यात लोकांचा वर्षभराचा घाम होता.

माझं म्हणणं असं : फोनवर कापूस, सरकी, प्लास्टिक असा शब्द आला, की पहिल्याच झटक्याला दोन बंब निघाले पाहिजेत आणि मागोमाग बारा हजार लिटरचा पाण्याचा बाउझर, म्हणजे मोठा टँकर. आधी एक पाठवू, बघू, मग मागवू, हे कापसाला चालत नाही. गाडी अर्ध्या रस्त्यातून परत फिरवता येते, जळालेली गंजी परत येत नाही.

तापीवाला : भाऊ, नुकसान मोठंच झालं. तरी मला हे पटत नाही. नगरपालिकेकडे बंब असतात एक किंवा दोन. दोन्ही जीनवर लावले आणि तेव्हाच गल्लीत सिलिंडर पेटला, तर घरातल्या माणसांना काढायला कोण जाणार? मनमाडजवळच्या पानेवाडीहून इंधनाचे टँकर आपल्या रस्त्यांवर रोज असतात. एखादा उलटला, तर नुसतं पाणीही कामाचं नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि जाळ पसरतो, तिथं फोमच लागतो. मालापेक्षा माणूस आधी.

गिरणाकाठ : माणूस आधी, यात वादच नाही. पण त्यासाठी शेजारच्या गावाचा बंब आपल्या अग्निशमन ठाण्यात आणून उभा करा ना! आमचा एकटा बंब राखीव ठेवून गाव जळू द्यायचं का?

जुना फायरमन, धुळे जिल्हा : बरीच वर्षं अग्निशमनच्या कंट्रोल रूमला फोन घेतले, म्हणून लिहितो. बंब किती हा नंतरचा प्रश्न. आधी फोनवर काय विचारलं ते बघा. काय पेटलंय, उघड्यावर की शेडमध्ये, आत कुणी अडकलंय का, मोठी गाडी आत शिरेल का, जवळ विहीर किंवा पाण्याचा टँकर आहे का. वीज चालू असेल तर गाडी निघते तोवर महावितरणला फोन करून फीडर, म्हणजे त्या भागाची वीजवाहिनी, बंद करायला लावायचा. माणूस घाबरलेला असतो, तो "आग, आग" म्हणून फोन ठेवतो. आपण उलट फोन करायचा. त्यात खोटे फोनही कळतात.

मुंबईत जागेवरचा अधिकारी आगीला लेव्हल देतो आणि लेव्हल वाढली की गाड्या वाढतात. ते तिथं जमतं, कारण मागे अनेक केंद्रं आहेत. आपल्याकडे पुढचा बंब दुसऱ्या तालुक्यात. म्हणून कापसाच्या बाबतीत मी गिरणाकाठ भाऊंच्या बाजूनं आहे. कापूस वरून विझलेला दिसतो आणि आत धुमसत राहतो. गाठ फोडून, गंजी उपसून पाणी मारावं लागतं, तासन्‌तास. म्हणजे पाणी सारखं येत राहिलं पाहिजे.

रावेरकर : हद्दीबाहेर बंब पाठवायला वरिष्ठांची परवानगी लागते, ती रात्री दोन वाजता कोण देणार? ठरलेली यादी आधीच सही होऊन कंट्रोलच्या भिंतीवर हवी. जीन असेल तर कोणते दोन तालुके, टँकर असेल तर फोमची गाडी कुठून.

तापीवाला : अशी यादी असेल आणि शेजारचा बंब खरंच आपल्या ठाण्यात येऊन थांबणार असेल, तर दोन सोडायला माझी हरकत नाही. नुसत्या भरवशावर मात्र गाव रिकामं करू नका. आमच्याकडे तरी अशी यादी मी पाहिलेली नाही.

गिरणाकाठ : सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देतोय. जुन्या फायरमन दादा, फोनवरचे ते प्रश्न एका कागदावर क्रमानं लिहून द्याल का? अर्जाला जोडतो.