मदत हवी आहे: व्हर्च्युअल मेमरीचं सेटिंग बदलू की राहू देऊ?

मंडळी, माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, विंडोज ११, आणि सी ड्राइव्हवर (एसएसडी आहे) जेमतेम २० जीबी जागा उरलीये. ब्राउझरमध्ये बरेच टॅब आणि सोबत फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर चालू असलं की मेमरी कमी पडतेय असा मेसेज येतो आणि कधीकधी एडिटर सरळ बंदच पडतो, केलेलं काम जातं, फार जीव जळतो हो.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबला मेमरीखाली 'कमिटेड' बघितलं तर १३.६/१४.१ जीबी असं दिसत होतं. म्हणजे रॅम आणि पेजफाईल (व्हर्च्युअल मेमरीसाठी डिस्कवर असलेली फाईल, रॅम कमी पडली की विंडोज ती वापरतं) मिळून जी मर्यादा असते तीच भरत आलीये, बरोबर ना?

आत्ता पेजफाईलची साइज ऑटोमॅटिकवर आहे, म्हणजे विंडोजच ठरवतं. रॅमच्या दीडपट ठेवा हा जुना नियम सगळीकडे वाचायला मिळतो, पण तो रॅम फारच कमी असायची तेव्हाचा, आता तो धरून चालायचं का? काहीजण म्हणतात पेजफाईल बंदच करून टाक, ते मला अजिबात पटत नाही, कारण मग मर्यादा अजून खाली येणार आणि क्रॅश झालं तर डंप फाईलही (क्रॅशचं कारण शोधायला विंडोज जी मेमरीची नोंद ठेवतं ती) नीट मिळणार नाही.

तर इनिशियल ८१९२ आणि मॅक्झिमम १२२८८ एमबी असं हाताने टाकू, की आधी सी ड्राइव्ह रिकामा करून ऑटोमॅटिकलाच वाढायला जागा देऊ? दुसरी हार्ड डिस्क आहे पण ती फिरणारी, स्लो, तिच्यावर पेजफाईल हलवण्यात काही अर्थ आहे का? रॅम वाढवायची सोय नाहीये, बोर्डवरच सोल्डर केलेली आहे. कुणी असं करून बघितलं असेल तर प्लीज सांगा.