जुन्या एसयूव्हीचं इंजिन ऑइल पितंय, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: टर्बो पेट्रोल, १,१०,००० किमी. दर १००० किमीला साधारण ७०० मिली ऑइल कमी होतं. गाडीखाली थेंब नाही, कूलंटची पातळी स्थिर. पिस्टनच्या रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्या असतील का?

उत्तर १: इंजिन उघडायची घाई नको. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतली वाफ परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, सोडणारा व्हॉल्व्ह) बघा, सगळ्यात स्वस्त तोच. इंजिन आयडलवर असताना ऑइल फिलरचं झाकण उघडा. झाकण जोरात ओढलं गेलं किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर त्या व्हॉल्व्हचा डायफ्राम (रबरी पडदा) फाटलाय आणि ऑइल थेट इनटेकमध्ये खेचलं जातंय. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) पाइपही काढा. आत पातळ थर चालतो, साचलेलं ऑइल नाही.

उत्तर २: धूर कधी येतो ते सांगा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्ट करताच निळा भपका आला तर व्हॉल्व्ह सील (इंजिनच्या व्हॉल्व्हजवळून ऑइल आत झिरपू न देणारी रबरी सील) गेलेत. चढावर, जोर लावल्यावर येत असेल तर रिंगा.

प्रश्नकर्ता: सकाळी नाही. चढावर येतो. पीसीव्ही ठीक, पाइप कोरडा.

उत्तर २: मग कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं), आधी कोरडी, नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये ५ ते १० मिली ऑइल घालून. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत.

उत्तर १: पण आकडे चांगले आले म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत! कॉम्प्रेशन धरतात वरच्या दोन. ऑइल खरवडणारी तिसरी कार्बनने जाम झाली तरी टेस्टमध्ये दिसत नाही. बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) सिलिंडरमध्ये घाला. पिस्टनचा माथा काळा आणि कडा धुतल्यासारखी स्वच्छ असेल तर ऑइल तिथूनच वर येतंय.