सल्ला हवा: 'ह्वारांग'ने निराशा केली, आता आईसोबत कोणता ऐतिहासिक कोरियन ड्रामा बघू?

शरयू_नाशिक
नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे रोज जेवणं आटपली की मी आणि आई 'ह्वारांग' बघायला बसायचो. काल विसावा भाग संपला आणि दोघी नुसत्या बसून राहिलो, बोलायलाच काही सुचेना. आईचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे सबटायटल तिला दिसत नाहीत. मी पॉज करत करत मराठीत सांगते. तासाभराचा भाग पावणेदोन तास चालतो.

सुरुवात काय सुंदर होती हो! मूम्योंग आणि माकमुन दोघे खालच्या थरातले मित्र, त्यांच्यासारख्यांनी सिल्ला या जुन्या कोरियन राज्याच्या राजधानीत पाऊलही टाकायचं नाही. तरी माकमुन बाप आणि बहीण शोधायला चोरून शिरतो, लपून राहणाऱ्या राजाचा चेहरा त्याला चुकून दिसतो आणि तेवढ्यासाठी त्याला मारतात. आई म्हणाली, आता हा मूम्योंग काहीतरी करून दाखवणार. आणि पुढे काय, तर प्रेमाचा त्रिकोण. माकमुनची बहीण आरो बिचारी कितीतरी भाग मूम्योंगला सख्खा भाऊ समजते आणि जीवही लावते, ते बघताना मला आईसमोर अवघडल्यासारखं व्हायचं. सगळ्यात वाईट म्हणजे शेवटी मूम्योंगसुद्धा राजरक्ताचाच निघतो. मग माकमुन मेला तो कशासाठी? त्याचं नावच कोणी घेत नाही नंतर.

तर सुचवा. अटी तीनच: २० भागांपेक्षा जास्त नको (माझा घसा), नवीन सबस्क्रिप्शन घेणार नाही (नेटफ्लिक्स आणि अजून एक अॅप आहे तेवढंच), आणि शेवट रडका नको, डॉक्टरांनी डोळे चोळू नका म्हणून सांगितलंय.

कोकणकडा
जुमोंग बघा. दुसरं काही बघूच नका. ८१ भाग आहेत पण एकही भाग फुकट नाही. मी लॉकडाऊनमध्ये दीड महिन्यात संपवला, रोज दोन, रविवारी चार. गोगुर्यो राज्य कसं उभं राहिलं ते सगळं त्यात आहे. हल्लीच्या १६ भागांच्या ड्राम्यांत माणूस ओळखीचा होईपर्यंत संपतं.

जांभळी_चिमणी
ह्वारांगला नावं ठेवायच्या आधी एवढं लक्षात घ्या की बीटीएस या कोरियन बँडमधल्या व्हीचा तो पहिलाच ड्रामा होता आणि त्याने हानसोंग इतका गोड केलाय की मी तो एकट्यासाठी चारदा बघितलाय!! हानसोंग गेला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. त्याने आणि बँडमधल्याच जिनने गायलेलं गाणं ऐका एकदा. पार्क सोजून, पार्क ह्योंगशिक, मिन्हो, एवढे सगळे एका फ्रेममध्ये परत मिळणार आहेत का? ताई तुम्ही चुकीच्या अपेक्षेने बघितलात.

सुलभाकाकू
शरयू, आईंना नमस्कार सांग. माझंही दोन वर्षांपूर्वी झालं ऑपरेशन, थेंब वेळेवर घालायचे, तेवढं सांभाळ. आम्ही दूरदर्शनवर हिंदीत 'घर का चिराग' बघायचो, तीच ज्वेल इन द पॅलेस. जांगगम राजवाड्याच्या मुदपाकखान्यात येते आणि पुढे राजाची वैद्य होते. ५४ भाग आहेत पण त्यात प्रेम किती मर्यादेत दाखवलंय! आईंना ते आवडेल, आमच्या पिढीला हे लगेच गळ्यात पडणं नको वाटतं. तेव्हा हिंदीत होतं म्हणून सगळं घर बघायचं, आता जे डबिंग करतात त्यात राजा आणि नोकर एकाच आवाजात बोलतात, ऐकवत नाही.

इतिहासवेडा
ह्वारांगमध्ये निराश व्हायला कारण आहे आणि ते फक्त त्रिकोण नाही. सिल्लात 'गोलफुम' म्हणजे हाडावरून दर्जा ठरायचा, सगळ्यात वर पवित्र हाड, त्याखाली खरं हाड, मग मस्तक-दर्जे. माणूस कोणत्या हुद्द्यापर्यंत चढणार, घर केवढं बांधणार, कपड्याचा रंग कोणता घालणार, सगळं जन्मावर. इतका जबरदस्त विषय हातात होता आणि मालिकेने तो पोशाखापुरता वापरला. आणि जिन्हुंग, म्हणजे मालिकेतला तो लपून राहणारा राजा, गादीवर आला इ.स. ५४० मध्ये, लहान मूल होता म्हणून आईने कारभार बघितला, तो भाग बरोबर. पण 'सामगुक सागी' या जुन्या कोरियन इतिहासग्रंथात ह्वारांगची, म्हणजे सरदारघराण्यांतल्या तरुणांच्या दलाची, नोंद ५७६ची आहे, म्हणजे त्याच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षाची. इथे तो तरुण राजा वेश बदलून स्वतःच ह्वारांगमध्ये शिकतोय!

जांभळी_चिमणी
@इतिहासवेडा ती मालिका आहे, पाठ्यपुस्तक नाही.

इतिहासवेडा
मग काल्पनिक राज्य घ्यायचं ना. खऱ्या राजाचं नाव घेतलंत की जबाबदारी येते. आपल्याकडे शिवकाळावर कोणी असं केलं तर आपण गप्प बसतो का?

मीनल_पुणे
एक सांगते, काहीही बघा पण स्कार्लेट हार्ट र्यो बघू नका. मी फसलेय. ग्रहणात आजची मुलगी थेट जुन्या काळच्या गोर्यो राज्यात जाऊन पडते, सुरुवातीला सगळे राजपुत्र, हसणं खिदळणं, आणि मग दहाव्या भागानंतर एकेक जण जायला लागतो. शेवट तर अर्ध्यातच सोडलाय, मी विसावा भाग संपल्यावर एकविसावा शोधत बसले होते. त्यात त्याच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या, कोरियात दाखवलेली वेगळी आणि बाहेरच्या देशांतली वेगळी, मी एका अॅपवर अर्धा एक आणि अर्धा दुसरीकडे बघितला आणि प्रसंगच जुळेनात. आजही ते गाणं लागलं की पोटात तुटतं.

रानवारा
१०० डेज माय प्रिन्स. १६ भाग. शेवट गोड. दुष्काळ पडतो तो म्हणे लग्न न झालेल्यांमुळे, म्हणून सगळ्या बिनलग्नाच्यांनी ठरलेल्या दिवसापर्यंत लग्न करायचा हुकूम निघतो. स्मरणशक्ती गेलेला युवराज गावातल्या होंगशिमच्या पदरात पडतो आणि त्याला साधं लाकूड फोडता येत नाही. आईंना आवडेल.

प्रसाद_दुबई
शरयूताई, तुमचं माकमुनबद्दलचं वाचलं आणि राहवलं नाही. तुम्हाला जे हवं होतं ते मिस्टर सनशाइनमध्ये आहे. नायक गुलामाच्या पोटी जन्मलेला, लहानपणी डोळ्यांदेखत आईबाप जातात, पळून अमेरिकेत जातो आणि तिथल्या सैन्याचा अधिकारी होऊन परत येतो. ज्या देशाने त्याला माणूस मानलं नाही त्याच देशासाठी त्याला उभं राहायचं की नाही, हा प्रश्न शेवटपर्यंत सोडत नाहीत. आणि तो मधेच राजपुत्र निघत नाही. २४ भाग आहेत, चारच जास्त. मी नाइट शिफ्टवरून येऊन सकाळी बघायचो, डोळे सुजायचे पण थांबवलं नाही.

मीनल_पुणे
@प्रसाद_दुबई अहो त्यांनी रडका शेवट नको म्हटलंय! सनशाइनमध्ये शेवटी उरतं कोण?

प्रसाद_दुबई
रडणं आणि निराश होणं यात फरक आहे. ह्वारांगला त्या रडल्या नाहीत, निराश झाल्या. चांगल्या शेवटाला रडलेलं माणूस समाधानी असतं.

अनघा_के
१०० डेज +१. नाहीतर किंग्ज अफेक्शन, बरोबर २० भाग, नेटफ्लिक्सवर आहे, २०२२ चा आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळालाय. जुळ्यातली मुलगी भाऊ गेल्यावर युवराज म्हणून वाढते. शेवट समुद्रकाठी, छान. मधले चार-पाच भाग ओढलेत पण आईंसोबत चालेल.

कोकणकडा
जुमोंगमध्येही शेवट चांगलाच आहे, राज्य उभं राहतं.

सुलभाकाकू
मला तर आमच्या नातीने सांगितलं की कोरियातली एक राणी अयोध्येची होती, खरं का ते?

इतिहासवेडा
काकू, तशी कथा तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या कोरियन ग्रंथात आहे. हो ह्वांगओक नावाची राजकन्या आयुता देशातून समुद्रमार्गे आली आणि गाया राज्याचा राजा सुरो याच्याशी तिचं लग्न झालं. आयुता म्हणजे अयोध्या, असं तिथले बरेच जण मानतात, अयोध्येत तिचं स्मारकही आहे. इतिहास म्हणून पुरावा कच्चा आहे, पण गिमहे गावच्या किम घराण्यातले लोक स्वतःला तिचे वंशज मानतात. आणि याच गायाचं उरलेलं राज्य ५६२ मध्ये सिल्लाने घेतलं, जिन्हुंगच्याच काळात. हे सगळं ह्वारांगमध्ये यायला हवं होतं.

शरयू_नाशिक
सगळ्यांचे आभार. काकू, थेंबांसाठी मोबाइलवर गजर लावलाय, चार वेळा वाजतो. जुमोंग आणि ज्वेल इन द पॅलेस आईचे दोन्ही डोळे बरे झाल्यावर, ती स्वतः बघेल.

एक सांगायचं राहिलं. ह्वारांगमध्ये आईला खरंच आवडलं होतं ते म्हणजे आरो बाजारात गोष्टी सांगून पैसे कमावते आणि त्या राजाला रात्र रात्र झोप येत नाही, पण तिची गोष्ट ऐकता ऐकता तो डोळे मिटतो. ते पहिल्या भागांतलं. पुढे ती गोष्टी सांगणंच बंद करते, नुसती दोघांमध्ये धावत राहते. आईने मला दोनदा विचारलं, ही आता गोष्ट का सांगत नाही गं?

उंबरठा
मग तुम्हाला द रेड स्लीव्हबद्दल कोणी सांगेल आणि तुम्ही बघाल, म्हणून आधीच सांगतो, बघू नका. १७ भाग आहेत. सोंग दोगिम राजवाड्यातली दासी, तिचा हातखंडा म्हणजे पुस्तकांची सुंदर नक्कल करणं आणि बायकांना गोष्टी वाचून दाखवणं, सगळ्या जणी तिच्याभोवती गोळा होऊन ऐकतात. हे मनचं नाही, खरी सोंग होती, राजकन्यांबरोबर बसून तिने १७७३ मध्ये एका मोठ्या कादंबरीची नक्कल केली होती. राजा जोंगजो तिच्यावर जीव टाकतो आणि ती नाही म्हणते. एकदा नाही, दोनदा. हेही राजाने स्वतःच तिच्या समाधीच्या लेखात लिहून ठेवलंय. कारण राजाची झाली की ती स्वतःची उरत नाही हे तिला कळतं. पण शेवट फार जड आहे. माझी बायको शेवटचा भाग अर्धवट सोडून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. तुमच्या आईंचे डोळे बघता १०० डेजच बरा.

अनघा_के
उंबरठा +१, रेड स्लीव्ह आत्ता नको. ऑपरेशननंतर बघा.

मीनल_पुणे
नकोच. मी दुसऱ्यांदा बघायची हिंमत केली नाही.

रानवारा
१०० डेज.

जांभळी_चिमणी
मला एकच म्हणायचंय की हानसोंगचं पात्र नीट लिहिलं असतं तर ह्वारांग वेगळाच झाला असता, तेवढं मी पण मान्य करते.

शरयू_नाशिक
मंडळी, काल रात्री रेड स्लीव्ह लावला. तुम्ही सगळे नको म्हणालात ते कळतंय, पण उंबरठा यांचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला आणि ती म्हणाली, राजाला दोनदा नाही म्हणणारी मुलगी मला बघायचीय. शेवट रडका आहे हेही सांगितलं. म्हणाली, शेवटचे दोन भाग दुसरं ऑपरेशन होऊन महिना झाला की बघू, तोवर पंधरावर थांबायचं. तसं ठरलंय.

पहिल्या भागात लहानगी दोगिम रात्री राजवाड्यात चुकते आणि तो मुलगा भेटतो, तिथे आईने मला पॉज करू दिलं नाही. म्हणाली, नंतर सांग काय बोलले ते, आत्ता आवाज ऐकू दे. दासी राणीला 'मामा' म्हणतात ते ऐकून तिला आधी वाटलं राणीचा मामा आलाय, मग मी सांगितलं की तो मानाचा शब्द आहे. आज सकाळी थेंब घालताना मला म्हणाली, मामा, जरा हळू.

प्रसाद, सनशाइन मी एकटी बघणार आहे, रात्री आई झोपल्यावर. चारच भाग जास्त आहेत.