फलक मिटला तरी लिसनर सुटत नाही. सल्ला हवा (नवी लायब्ररी नको)

फोंडेकरीण
नमस्कार. अतिथीगृहातील खोल्यांची माहिती देणारे पान मी कोणत्याही फ्रेमवर्कशिवाय, साध्या कस्टम एलिमेंटांत (जावास्क्रिप्टने स्वतः घडवलेल्या टॅगांत) लिहिले आहे. खोलीचा फलक उघडताना कनेक्टेडकॉलबॅकमध्ये (एलिमेंट पानावर येताच चालणारी मेथड) विंडोवर लिसनर, म्हणजे बोट टेकवण्यासारखा इव्हेंट ऐकणारा कोड, लागतो आणि मिटताना डिसकनेक्टेडकॉलबॅकमध्ये (एलिमेंट पानावरून जाताच चालणारी मेथड) तो निघायला हवा. पण दहा वेळा उघडून मिटवल्यावर अकराव्यांदा उघडून एकदाच बोट टेकवले, तर सर्व्हरकडे अकरा विनंत्या जातात. लावताना आणि काढताना दोन्हीकडे मी ‘धिस.निवड.बाइंड(धिस)’ असेच लिहिले आहे (निवड ही माझी मेथड; बाइंडमुळे तिच्या आत ‘धिस’ म्हणजे फलकच राहतो). चवथीपूर्वी काम द्यायचे आहे आणि हाताशी दोनच दिवस आहेत.

मडगावचा_मुक्काम
आरएक्सजेएस ही इव्हेंट हाताळणारी लायब्ररी घ्या. आम्ही ती अँग्युलर या फ्रेमवर्कबरोबर वापरतो. 16 व्या आवृत्तीत, म्हणजे 2023 मध्ये, कंपोनंट नष्ट होताच ऐकणे आपोआप थांबवणारे टेकअंटिलडिस्ट्रॉइड आल्यापासून सबस्क्रिप्शन (तिथला लिसनर) सोडण्याची चिंता मी केलेली नाही.

डिचोलीचा_नाना
बाईंनी लायब्ररी नको असे शीर्षकातच लिहिले आहे. दोष बाइंडचा आहे: ते प्रत्येक वेळी नवे फंक्शन तयार करते, त्यामुळे काढताना दिलेले फंक्शन लावलेल्यापेक्षा वेगळे ठरते आणि ब्राउझर चूक न दाखवता गप्प बसतो. कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाच बाइंड करून ते जपून ठेवा. लिसनर लावताना कॅप्चर हा पर्याय खरा दिला असेल, तर काढतानाही द्यावा लागतो; पॅसिव्ह किंवा वन्स हे पर्याय जुळले नाहीत तरी चालते. इंटरनेट एक्सप्लोरर 6 च्या काळात असल्या मेमरीच्या गळतीने आम्ही रात्री जागवल्या आहेत. आताच्या मुलांना सगळे आयते मिळते.

बेतीची_फेरी
अबॉर्टकंट्रोलर, म्हणजे ‘रद्द करा’ असा सिग्नल देणारा ब्राउझरचाच ऑब्जेक्ट, वापरा. 2021 पासून प्रमुख ब्राउझरांत लिसनरला सिग्नल देता येतो. एकदा अबॉर्ट म्हटले की त्या सिग्नलचे सगळे लिसनर एकदम सुटतात.

पेडणे_पलीकडे
जपून. मी कंट्रोलर कन्स्ट्रक्टरमध्ये बनवला होता. यादीची क्रमवारी बदलताना एलिमेंट एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवले, की आधी डिसकनेक्टेड आणि लगेच कनेक्टेड चालते. पण एकदा अबॉर्ट झालेला सिग्नल पुन्हा जिवंत होत नाही आणि त्यावर नवा लिसनर लागतही नाही. ग्राहकासमोर बटणे मुकी झाली. कंट्रोलर दर वेळी कनेक्टेडकॉलबॅकमध्येच नवा बनवावा.

साखळीकर
रिअ‍ॅक्ट या लायब्ररीत या. 2022 च्या 18 व्या आवृत्तीपासून तिचा स्ट्रिक्टमोड (चुका शोधणारी सोय) विकसनाच्या वेळी कंपोनंट मुद्दाम एकदा काढून पुन्हा लावतो, त्यामुळे जिथे लिसनर लावतात त्या युजइफेक्टमधून सफाईचे फंक्शन परत करायला विसरलात, तर ते लगेच उघडे पडते.

मडगावचा_मुक्काम
प्रत्येक लिसनर काढलाच पाहिजे, अगदी बटणावरचासुद्धा.

डिचोलीचा_नाना
मुळीच नाही. फलकातल्या बटणावरचा लिसनर, फलकाला बाहेरून कोणी धरून ठेवले नसेल, तर फलकाबरोबरच कचऱ्यात जातो, म्हणजे मेमरीतून आपोआप निघतो. काढायचे ते विंडो, डॉक्युमेंट यांसारख्या फलकानंतरही उरणाऱ्यांवरचे.

कुंकळ्ळीचा_कोडर
वर कोणी सांगितले नसेल तर सांगतो: बाइंड दर वेळी नवे फंक्शन देते.

फोंडेकरीण
सर्वांचे आभार. बाइंडची चूक पटली, परंतु शेवटी मी बाइंडही ठेवले नाही आणि कंट्रोलरही आणला नाही. लिसनर म्हणून फंक्शनऐवजी हँडलइव्हेंट नावाची मेथड असलेला ऑब्जेक्ट देता येतो, ही सोय 2000 सालच्या डॉम लेव्हल 2 या वेब मानकापासूनची आहे. मी दोन्हीकडे नुसते ‘धिस’ दिले. तो तोच ऑब्जेक्ट असल्याने काढणे बिनचूक होते, एलिमेंट हलवले तरी बिघडत नाही आणि मेथडच्या आत ‘धिस’ फलकच राहतो. क्रोमच्या कन्सोलमध्ये गेटइव्हेंटलिसनर्स(विंडो) चालवून पाहिले: अकराव्यांदा उघडल्यावर एकच लिसनर दिसतो आणि मिटवल्यावर एकही नाही.

मडगावचा_मुक्काम
चालेल, पण इव्हेंट वाढले की त्या हँडलइव्हेंटमध्ये कोणता इव्हेंट आला ते तपासणाऱ्या स्विचच्या ओळींची रांग लागेल. तेव्हा आरएक्सजेएस घ्याच.